हल

पगाराच्या सहा पावत्या, बँकेचा शिक्का मारलेले कागद,
घरभाड्याचा करार, आणि घरमालकाचं पत्र
की एका खोलीत दोन माणसं मावतात.
मावतात. पॉलीननं टेपनं मोजूनही दाखवलं,
भिंत ते भिंत, खिडकीखालचा हीटर सोडून.

वर्षाला एकोणतीस हजार पौंड. ही तुझी किंमत नव्हे,
माझी.
एवढं कमावते असं दिसलं तरच
मला नवरा परवडतो.
म्हणून रविवारच्या रात्रीही घेतल्या वृद्धाश्रमात.
पहाटे चारला मिस्टर हॉलरॉइड बेल वाजवतात,
बायकोला हाक मारतात, मी जाते.
ती जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांच्याकडे कुणी पुरावा मागत नाही.

फॉर्म विचारतो, नातं खरं आहे का
आणि चालू आहे का.
मराठीत अर्थ लावला आणि एकटीच हसले.
आपल्या गल्लीत चालू कुणाला म्हणतात
तुला माहीत आहे.

पानापानावर तुझं नाव, मोठ्या अक्षरांत.
हिंदुराव तातोबा चौगुले.
आईनं जन्मात आप्पांचं नाव उच्चारलं नाही,
रेशन दुकानात विचारलं की मला पुढं ढकलायची,
"सांग गं."
आणि मी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा हार घातलेली,
रात्री दीड वाजता नाव घेते आहे
अकरा वेळा, उखाण्याशिवाय,
एकेक इंग्रजी अक्षर चौकटीत बसवत.

पहिली भेट कधी, कुठे, कशी?
जागा पाचशे अक्षरांची.
लिहिलं: इचलकरंजी, मे महिना, नातेवाइकांनी ओळख करून दिली.
खोटं नाही.
पण ती गल्ली, साठ-सत्तर माग एका दमात खडखडत होते,
तू काहीतरी सांगत होतास, ओठ तेवढे दिसत होते,
मी नुसती मान डोलावत होते.
मग वीज गेली.
सगळे माग एकदम थांबले
आणि त्या शांततेत, गरजेपेक्षा फार मोठ्यानं:
"पाणी तरी प्या की!"
तू लाजलास. ग्रीसचा हात पँटला पुसलास.
याचा फोटो नाही.

फोटो आहेत ते रजिस्टर ऑफिसातले.
माझा हार आखूड, तुझा गुडघ्यापर्यंत,
आणि दारापाशी तुझी लेक, तोंड फिरवून.
तो फोटो लावू की नको, अजून ठरत नाही.

मेसेज निवडायचे होते.
"महिन्याला दोन-तीन पुरे," वकीलबाई म्हणाल्या, "प्रेमाचे बघा."
शोधले.
गॅस बंद केला का. केला.
गुडघा? हाय तसाच.
जेवलीस? हो.
दुकानाचं लाइट बिल भरलं बघ.
हेच जोडले, भाषांतरासकट.
गुडघ्याचं इंग्रजी करून त्यावर शिक्का मारून देणारा माणूस
लीड्सला राहतो, पानाला पस्तीस पौंड घेतो.
आपण भांडलो तो आठवडा कोरा आहे.
वकीलबाई म्हणाल्या, तो वगळा.
मला वाटलं होतं, तोच तर पुरावा.

इंग्रजीच्या परीक्षेचा सराव तू फोनवर करतोस.
माय वाइफ लिव्ह्ज इन हल.
पुन्हा. माय वाइफ लिव्ह्ज इन हल.
मग थांबतोस. "गावाचं नावच हल हाय,
तर कागद का हलंना गं?"

हंबर नदीवरून वारा येतो, खिडकीची चौकट थरथरते.
शेवटच्या बटणापाशी बोट आहे.
एकदा दाबलं की दुरुस्ती नाही म्हणतात.
तिकडं तुझी सकाळ झाली, माग सुरू झाले,
फोन कानाशी धरून तू काहीतरी सांगतो आहेस,
मला खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नाही.

मी मान डोलावते.